मोझांबिकची यादवी कुणी मिटवली? मठातल्या मंडळींनी की रिकाम्या खिशाने?

रानवाट: फ्रेलिमोचं सरकार विरुद्ध रेनामोचे बंडखोर, १९७७ पासून. दहा लाखांच्या आसपास माणसं गेली. शेवटी दोघांना समोरासमोर बसवलं ते रोमच्या सांत एजिदिओ या कॅथलिक सेवाभावी संस्थेनं, आपल्या जुन्या मठात. जुलै १९९० ते ४ ऑक्टोबर १९९२, मग राष्ट्राध्यक्ष शिसानो आणि रेनामोचे नेते ध्लाकामा यांच्या सह्या. मध्यस्थांपैकी मोझांबिकच्याच बैरा शहराचे आर्चबिशप गोन्साल्विस तर १९८८ मध्येच जंगलात जाऊन ध्लाकामांना भेटले होते. दोघंही न्दाऊ ही तिथली भाषा बोलणारे. असं कुठल्या राजदूताला जमलं असतं? या कामाला सरकारं नकोतच, असं माझं मत.

ताकपिठं: छान गोष्ट आहे, पण अर्धीच. रेनामो उभी केली शेजारच्या ऱ्होडेशियानं (आताचं झिंबाब्वे), पोसली गोऱ्या दक्षिण आफ्रिकेनं. वर्णभेदी राजवट डळमळली, रसद आटली. त्यात ९१-९२ चा दुष्काळ. लुटायलाही गावात काही उरलं नाही. आणि रेनामोला बंदूक सोडून पक्ष चालवता यावा म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या निधीत मोठी रक्कम घातली इटलीच्या सरकारनं. मठवाल्यांनी कॉफी पाजली, बिल दुसऱ्यानं भरलं.

रानवाट: दमलेले लोक आपोआप थांबत नाहीत हो. अंगोला बघा. शीतयुद्ध तिथंही संपलंच होतं. १९९२ ला निवडणूक झाली, बंडखोरांचे नेते साविंबी यांनी निकाल धुडकावला आणि ते २००२ मध्ये मारले जाईपर्यंत मारामारी सुरूच.

ताकपिठं: साविंबींकडे हिरे होते! ध्लाकामा काय काजू विकून दारूगोळा घेणार होते?

मंदा_क: तुम्ही दोघं रोममधून बाहेर या जरा. लहानपणी पळवून नेऊन हाती बंदूक दिलेली पोरं गावी परतली, त्यांचं काय? ते काम गावच्या वैदूंनी केलं. काही ठिकाणी वाळक्या गवताची खोपटी बांधायची, पोरानं तळावरचे कपडे घालून आत जायचं, ते तिथंच उतरवून बाहेर यायचं, मग कपड्यांसकट खोपटी पेटवायची. त्यानंतर झाडपाल्याच्या पाण्यानं अंघोळ. १९९५ पासून तिथल्या चर्चच्या परिषदेनं, बिशप सेंगुलाने यांच्या पुढाकारानं, बंदुका घेऊन बदल्यात शिलाई मशीन, सायकली, कुदळी दिल्या. तोडलेल्या बंदुकांची एक खुर्ची तर ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

ताकपिठं: वैदूंबद्दल वाद नाही. पण मग २०१३ ला पुन्हा बंदुका निघाल्या कुठून? प्रांतांचे गव्हर्नर राष्ट्राध्यक्षच नेमत राहिले, म्हणजे फ्रेलिमोचेच. रेनामोला मतं मिळाली, सत्ता नाही. त्यासाठी २०१९ चा वेगळा करार लागला, आणि रेनामोचा शेवटचा तळ बंद व्हायला २०२३ उजाडलं.

रानवाट: मधली एकवीस वर्षं विसरलात. आणि गव्हर्नर नेमणं संस्थेच्या हातात असतं का?

ताकपिठं: नसतं. म्हणूनच ‘सरकारं नकोतच’ हे तुमचं वाक्य खोडा, एवढंच म्हणतोय.

मंदा_क: मोझांबिकच्याच उत्तरेकडच्या काबो देल्गादो प्रांतात २०१७ पासून जिहादी गट गावं जाळतायत. रानवाट, तिथं मठात बोलवायचं तरी कुणाला?