फुकट धान्य मिळे, म्हणून रोमचा सामान्य माणूस आळशी?

नाणेसंग्राहक: कालच्या धाग्यात रोमच्या सामान्य लोकांना ‘फुकट धान्यावर आणि खेळांवर पोसलेला आळशी जमाव’ म्हटले गेले; त्याला सविस्तर उत्तर देणे भाग आहे. गायस ग्राकस या लोकनेत्याने इ.स.पू. १२३ मध्ये धान्य स्वस्त केले. फुकट केले ते इ.स.पू. ५८ मध्ये क्लोडियस या पुढाऱ्याने. महिन्याला पाच मोदिउस, म्हणजे सुमारे ३३ किलो गहू, तोही फक्त पुरुष नागरिकाला मिळे. तेल, सरपण आणि खोलीभाडे यांसाठी मजुरी चुकत नव्हती.

स्पष्टवक्ता: लाभार्थ्यांची यादी ३,२०,००० वर कशी गेली, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत. सीझरला ती १,५०,००० वर आणावी लागली. पॅट्रिशियनांच्या पैशावर प्लेबियन जगत होते, एवढेच माझे म्हणणे आहे.

तळटीप: पॅट्रिशियन म्हणजे श्रीमंत आणि प्लेबियन म्हणजे गरीब, हे शाळेत घोकलेले समीकरण कधी सुटणार आहे? हा भेद जन्माचा: पॅट्रिशियन म्हणजे जुन्या उमराव घराण्यांतले, प्लेबियन म्हणजे बाकीचे सारे नागरिक. धनाढ्य क्रॅसस प्लेबियन होता, सेनापती पॉम्पी आणि वक्ता सिसेरोही. सीझर मात्र पॅट्रिशियन असून कर्जात बुडालेला होता. क्लोडियस तर जन्माने पॅट्रिशियन. ट्रिब्यून, म्हणजे प्लेबियनांचा प्रतिनिधी, होता यावे म्हणून इ.स.पू. ५९ मध्ये तो प्लेबियन घराण्यात दत्तक गेला, आणि दत्तक घेणारा बाप त्याच्याहून वयाने लहान होता!

स्पष्टवक्ता: हा भेद निव्वळ कागदोपत्री होता, तर इ.स.पू. ४९४ मध्ये प्लेबियन शहर सोडून डोंगरावर का जाऊन बसले?

तळटीप: चारशे वर्षे एका वाक्यात ओलांडल्याबद्दल अभिनंदन. तेव्हाचा लढा कर्जाचा होता, आणि इ.स.पू. ४४५ पर्यंत दोन्ही गटांत विवाहालाही बंदी होती. इ.स.पू. ३६७ च्या कायद्याने कॉन्सलपद, म्हणजे राज्यातले सर्वोच्च पद, प्लेबियनांना खुले झाले, तसे श्रीमंत प्लेबियन वरच्या पंक्तीत जाऊन बसले. गरीब होते तिथेच राहिले.

बेकरीवाला: माझे वडील मध्यरात्री उठून मैदा मळत, त्यामुळे ‘आळशी’ हा शब्द मला सहन होत नाही. रोममध्ये पोर्ता माज्जोरे या वेशीपाशी युरिसासेस या पाववाल्याची कबर आहे. दळणे, कणीक मळणे, भट्टी हे सारे तिच्यावर कोरलेले आहे. सिसेरो मजुरीला गुलामगिरीचा बयाणा मानत असे. या माणसाने तोच धंदा कबरीवर मिरवला.

स्पष्टवक्ता: आपल्या वडिलांविषयी आदर आहे, पण ते रोममध्ये राहत नव्हते. ‘आळशी’ शब्द इतका झोंबत असेल, तर ‘परावलंबी’ म्हणतो. निम्म्याहून अधिक नावे कापूनही शहर उपाशी मेले नाही, याचे उत्तर मात्र कोणीच दिलेले नाही.

नाणेसंग्राहक: सीझरने ८०,००० नागरिक समुद्रापलीकडच्या वसाहतींत धाडले होते, ती माणसे आपण हिशेबात धरलीत का?