मदत हवी आहे: कुलगुरूंच्या शिल्लक रजेचा हिशेब

विद्यापीठाच्या आस्थापना विभागात आहे. आमच्या कुलगुरू मॅडमची मुदत संपतेय. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात पाच वर्षं किंवा वयाची 65, जे आधी होईल ते, फेरनियुक्ती नाही. मॅडम मूळच्या अनुदानित महाविद्यालयातल्या. तिथे धारणाधिकार (मूळ पदावर परत जायचा हक्क) होता, पण मधेच साठी, म्हणजे तिथलं निवृत्तीचं वय, उलटली, म्हणजे परत जायला पदच उरलं नाही. सेवापुस्तकातलं रजेचं पान कार्यमुक्तीच्या नोंदीपाशी थांबलंय.

कुलगुरुपदावरची अर्जित रजा जुन्या शिल्लकीत मिळवून रोखीकरणाची (शिल्लक रजेच्या बदल्यात पैसे देण्याची) 300 दिवसांची मर्यादा एकदाच लावायची का? रोखीकरण विद्यापीठ निधीतून, की उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाकडे प्रस्ताव? हक्काच्या पैशासाठी त्यांना खेटे घालावे लागू नयेत, एवढीच तळमळ आहे. कुणी असं प्रकरण मार्गी लावलं असल्यास आदेशाची प्रत मिळेल का?