माशाच्या मांसात पिवळे गोळे, काय असेल?

प्रश्न: काल तळ्यात पकडलेला मासा साफ करताना कल्ल्यांजवळ आणि मांसात ४-५ मिमीचे पिवळट गोळे दिसले, एक सुरीने फोडला तर आतून वळवळणारी अळी निघाली!! खायचा की फेकायचा?

उत्तर १: यलो ग्रब वाटतोय, म्हणजे क्लिनोस्टोमम नावाचा परजीवी चपटा कृमी. आधी गोगलगाय, मग मासा, मग बगळा असा त्याचा फेरा, बगळ्याच्या घशात मोठा होतो. आतपर्यंत ६३ अंशांवर शिजला की मरतो. कच्चा मात्र नको, माणसाच्या घशाला चिकटल्याच्या केसेस आहेत.

उत्तर २: मला एकदा माशाच्या पोटात वीतभर पांढरी चपटी फीत सापडलेली, ती लिगुला, एक पट्टकृमी. आतडी काढताना निघून जाते. कातडीवर बारीक काळे ठिपके असले तर वेगळं, ते ब्लॅक स्पॉट, दुसऱ्या परजीवीच्या अळ्यांमुळे होणारे.

प्रश्नकर्ता: ठिपके नाहीत, पिवळेच आहेत. सुरीच्या टोकाने काढले सगळे, पण बायको म्हणते तूच खा 😄