गेटवर काय अडलं? नीट, जेईई देणाऱ्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे अनुभव

मुलाची नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, झाली, आता धाकटीची पुढच्या वर्षी. बंदीची यादी मला तोंडपाठ आहे: मोबाइल, घड्याळ, कॅल्क्युलेटर, पाकीट, पट्टा, टोपी, दागिने, अगदी लॉग टेबलसुद्धा. पेनही न्यायचं नाही, ते आतच देतात. तरी मुलाच्या वेळी आम्ही अडलोच. पँटच्या आतल्या चोरखिशात बसचं तिकीट होतं, दोन-तीनदा धुतलं गेलेलं, चिंधीसारखं मऊ. एक अक्षर लागत नव्हतं. तपासणाऱ्याने ते दोन बोटांत धरून उन्हात पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं, परत तिकिटाकडे. छापील कागद चालत नाही असं लिहिलेलं आहेच, तेव्हा चूक आमचीच. पण तुमचं काय अडलं ते लिहा. मोबाइल-घड्याळ नको, ते सगळ्यांना कळतं. जे ध्यानातच आलं नव्हतं, ते सांगा.

---

चमकी! आठवीत नाक टोचलं तेव्हापासून काढलीच नव्हती. आदल्या रात्री तेल लावलं, साबण लावला, फिरकी हलेना. आई म्हणाली, एवढीशी आहे, कोण बघतंय. गेटवरच्या बाईंनी पहिल्यांदा तीच बघितली. मग रांगेतल्या कुणाच्या तरी बाबांनी स्कूटरच्या डिकीतून पक्कड आणली. पक्कड केवढी, नाक केवढं! दीडला गेट बंद होतं, एक वीसला फिरकी निघाली. फिजिक्स सोडवताना नाक ठणकत होतं. धाकटीच्या अंगावर असं काही असेल तर आठवडाभर आधी सोनाराकडे जा.

---

मी २०१५ च्या बॅचची, म्हणजे एकच परीक्षा दोनदा दिलेली. तेव्हा नीटच्या जागी एआयपीएमटी होती. ३ मे रोजी दिली आणि निकालाची वाट बघत बसले. इकडे रोहतकला पोलिसांच्या हाती बनियनमध्ये शिवलेली सिमकार्ड आणि ब्लूटूथची यंत्रं लागली होती. बाहेरून उत्तरं सांगायची सोय. फायदा घेणारे म्हणून ४४ जण शोधून काढले, परीक्षा दिलेले सहा लाखांच्या वर. १५ जूनला सुप्रीम कोर्टाने सगळ्यांचीच परीक्षा रद्द केली. २५ जुलैला पुन्हा गेले तर अर्ध्या बाह्या आणि पायात चपला. लोक आजही विचारतात की बाह्यांनी काय होतं. मला त्या बनियनचा राग येतो, बाह्यांचा नाही.

---

मला टाइप वन मधुमेह आहे. जेईई मेनला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेला, साखरेच्या गोळ्या, केळं-सफरचंदासारखं अख्खं फळ आणि पारदर्शक पाण्याची बाटली नेता येते. चॉकलेट, सँडविच, पाकीटबंद काहीही नाही. हे सूचनांमध्ये स्पष्ट आहे, पण गेटवरच्या माणसाने ते पान वाचलेलंच असेल असं नाही. "खायचं काही चालणार नाही" हे त्याने मला चार वेळा सांगितलं. मी पान छापून नेलं होतं, त्या ओळीखाली रेघ मारून. पाचव्या वेळी त्याने ते वाचलं, वरच्या साहेबांना दाखवून आला आणि मग म्हणाला, "पण केळं एकच." एकच होतं.

---

थोडं पलीकडच्या बाजूने. मी शिक्षिका आहे, तपासणीला उभी राहिले आहे. मुलींची तपासणी बायकांनीच आणि आडोशाला करायची हा नियम आहे. आडोसा म्हणजे काय? आम्हाला मिळाला तो बाकांवर टाकलेला पडदा. यंत्र वाजलं की मुलगी थिजते. बहुतेक वेळा जीन्सची चेन असते नाहीतर धातूचं मोठं बटण. कात्रीने लांब बाही कापा असं मला कुणी कधी सांगितलं नाही, मी कापलीही नाही. पण शेजारच्या रांगेत कात्री फिरत होती. कुठे थांबायचं हे कागदावर नसलं की ज्याच्या हातात कात्री तोच ठरवतो. पारंपरिक वेश असेल तर लवकर पोहोचा, तेवढीच तपासणीला सवड मिळते. आणि मुलींनो, साधा सुती कुर्ता आणि नाडीची सलवार. एकही शिटी वाजत नाही.

---

सामानाचं कुणीच लिहिलं नाही. केंद्रावर वस्तू ठेवायची सोय नसते, तसं ते आधीच कळवतात. मुलगा एकटाच आलेला असेल तर त्याने फोन ठेवायचा कुठे? मी लेकाला सोडायला गेलो आणि पाच अनोळखी पोरांचे फोन, दोन बॅगा, एक हेल्मेट घेऊन झाडाखाली बसलो. कुठला फोन कुणाचा हे चुकू नये म्हणून ज्याच्या त्याच्या रुमालात बांधून ठेवले. त्यातला एक सव्वातीनला वाजायला लागला, वर "आई" असं नाव. उचलावा की नाही? उचलला. म्हटलं, पोरगा आत गेलाय वेळेत, मी त्याचा फोन सांभाळतोय. त्या म्हणाल्या, तो जेवला का?

---

चष्मा नेऊ देतात का? माझा नंबर मोठा आहे.

---

नंबरचा चष्मा देतात. लेकाची डबी मात्र बाहेर ठेवायला लावली. आणि वरच्या काकांना विचारायचं होतं, मग त्या आईंना काय सांगितलंत?