अलीच्या १९६६-६७ मधील लढती विजोड होत्या का, आणि नावाच्या वादाचा त्यांच्याशी काय संबंध?

सदाफुली:
मुहम्मद अलीविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात लिस्टनवरचा १९६४ चा विजय, फ्रेझरविरुद्धची १९७१ ची लढत आणि १९७४ ची किन्शासातील फोरमनविरुद्धची लढत हमखास येते, पण २९ मार्च १९६६ ते २२ मार्च १९६७ हा काळ एका वाक्यात उरकला जातो. या वर्षभरात त्याने सात वेळा जगज्जेतेपद राखले. मात्र प्रतिस्पर्ध्यांची यादी पाहिली की शंका येते. ब्रायन लंडन तिसऱ्या फेरीत संपला, क्लीव्हलंड विल्यम्सच्या अंगात पोलिसाची गोळी होती आणि झोरा फॉली पस्तिशीला टेकलेला होता. हे प्रतिस्पर्धी सोपे म्हणून निवडले गेले, असे म्हणता येईल का? दुसरा प्रश्न नावाचा आहे. ‘कॅशियस क्ले’ हे नाव त्याने १९६४ मध्येच टाकले असताना वृत्तपत्रे आणि काही प्रतिस्पर्धी तेच का वापरत राहिले? त्याने न्यायालयात रीतसर नाव बदलून घेतले असते तर हा वाद मिटला असता का?

लाल माती:
पहिल्या प्रश्नाचे उत्तर यादीत सापडत नाही, ते फेब्रुवारी १९६६ मध्ये सापडते. त्या महिन्यात सैन्यभरती मंडळाने अलीचा वर्ग बदलून त्याला भरतीस पात्र ठरवले आणि व्हिएतकाँगशी, म्हणजे व्हिएतनाममध्ये अमेरिकेशी लढणाऱ्या गनिमांशी, आपले काही भांडण नाही, असे तो वार्ताहरांना म्हणाला. तेव्हा त्याची लढत २९ मार्चला शिकागोत एर्नी टेरेलशी ठरलेली होती, म्हणजे त्या काळी मिळू शकणारी सर्वांत चांगली जोड लागलेली होती. त्या एका उद्गारानंतर इलिनॉयमध्ये परवानगी मिळेना, अमेरिकेतील इतर शहरांनीही दारे लावून घेतली आणि लढत कॅनडात टोरांटोला गेली. टेरेलने माघार घेतल्यावर ऐनवेळी उभा राहिला तो तिथलाच जॉर्ज शुवालो. अलीचे ठोसे खात तो पंधराही फेऱ्या उभा राहिला. त्या लढतीला विजोड म्हणणे शुवालोवर अन्याय आहे.

पुढच्या तीन लढती युरोपात का झाल्या, हेही यावरून उलगडते. परदेशातील आयोजकाला मैदान भरायचे तर स्थानिक माणूस हवा असतो. म्हणून आर्सेनलच्या हायबरी मैदानावर हेन्री कूपर, अर्ल्स कोर्टला ब्रायन लंडन आणि फ्रँकफर्टला कार्ल मिल्डेनबर्गर आला. यांतल्या कूपरने १९६३ मध्ये वेम्ब्लीला अलीला खाली पाडले होते आणि या वेळीही कूपरची भुवई फाटून रक्त वाहू लागल्यामुळेच सहाव्या फेरीत लढत थांबवावी लागली. मिल्डेनबर्गर डावखुरा असल्यामुळे अलीला अंतर सापडायला बराच वेळ लागला आणि लढत बाराव्या फेरीपर्यंत गेली. ब्रायन लंडनबद्दल मात्र तुमचे म्हणणे मान्य आहे. तो हरायलाच आल्यासारखा दिसतो.

विल्यम्सचे प्रकरण वेगळे आणि दुःखद आहे. एके काळी त्याच्या ठोशाला सगळे वचकून असत. नोव्हेंबर १९६४ मध्ये टेक्सासमध्ये एका महामार्ग पोलिसाने त्याच्यावर गोळी झाडली, त्याच्यावर अनेक शस्त्रक्रिया झाल्या, एक मूत्रपिंड गेले आणि गोळी शरीरातच राहिली. त्यानंतर दोन वर्षांनी ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये ३५,४६० प्रेक्षकांपुढे त्याला अलीसमोर उभे करण्यात आले. अलीचा खेळ त्या रात्रीइतका देखणा क्वचितच झाला असेल, आणि मला ती लढत पुन्हा पाहताना नेमका त्याचाच संकोच वाटतो, कारण त्या देखणेपणाला समोरून अडवणारे काही नव्हतेच. तिसऱ्या फेरीत सारे आटोपले.

तरीही ‘सोपे निवडले’ म्हणायचे असेल तर कठीण कोण होते ते सांगावे लागेल. अलीशी लिस्टन दोनदा हरला होता, माजी जगज्जेता पॅटरसन एकदा. फ्रेझरची पहिली व्यावसायिक लढतच ऑगस्ट १९६५ ची. जो लुईच्या १९४०-४१ मधील लागोपाठच्या लढतींचीही वार्ताहरांनी अशीच टिंगल केली होती. वरचढ जगज्जेत्याच्या वाट्याला ती येतेच.

जुनी कात्रणे:
नावाबद्दल लिहितो. न्यायालयाचा कागद नाही, ही त्या वेळी पुढे केलेली सबब होती. खरी अडचण वेगळीच होती. अमेरिकेच्या रूढ कायद्यात फसवणुकीचा हेतू नसेल तर माणूस वापराने नाव बदलू शकतो. मुष्टियुद्धात तर हे नेहमीचेच होते. शुगर रे रॉबिन्सन जन्माने वॉकर स्मिथ, जो लुईचे आडनाव बॅरो, आणि मे १९६५ मध्ये अली-लिस्टन यांच्या दुसऱ्या लढतीत पंच म्हणून उभा असलेला जर्सी जो वॉलकॉट हा मूळचा अर्नोल्ड क्रीम. यांच्याकडे कोणत्याही संपादकाने हुकूमनामा मागितल्याचे मला आढळले नाही. अलीचे नाव ६ मार्च १९६४ रोजी एलायजा मुहम्मद यांनी दिले होते आणि ते स्वीकारणे म्हणजे त्यांच्या ‘नेशन ऑफ इस्लाम’ या कृष्णवर्णीयांच्या मुस्लिम संघटनेला उघड मान्यता देणे होते. ही संघटना गोऱ्यांना सैतान म्हणत असे, त्यामुळे तिच्याविषयीची धास्ती निराधार नव्हती. पण संघटना नापसंत असणे वेगळे आणि माणसाला त्याने टाकलेल्या नावाने हाक मारत राहणे वेगळे.

आणखी एक गुंता आहे. अली ‘क्ले’ला गुलामीचे नाव म्हणे. हे नाव त्याच्या वडिलांना केंटकीतील ज्या कॅशियस मार्सेलस क्लेवरून मिळाले, तो गोरा पुढारी मात्र गुलामगिरीचा कडवा विरोधक होता. टीकाकारांना हा मुद्दा फार आवडे. मला तो पोकळ वाटतो, कारण नाव ठेवणाऱ्याचा हेतू चांगला होता म्हणून ते धारण करणाऱ्याने आयुष्यभर वागवलेच पाहिजे असे होत नाही.

कागदाने वाद मिटला असता असेही दिसत नाही. नोव्हेंबर १९६५ मध्ये लास व्हेगासला लढण्यापूर्वी फ्लॉइड पॅटरसन ‘क्ले’ म्हणत होता तो धर्माच्या विरोधातून, आणि अलीने पाठ दुखावलेल्या पॅटरसनला बाराव्या फेरीपर्यंत खेळवत ठेवले. गंमत अशी की १९६६ मध्ये त्याच पॅटरसनने ‘एस्क्वायर’ मासिकात अलीच्या मत मांडण्याच्या हक्काची बाजू घेतली, शीर्षकात मात्र नाव ‘कॅशियस क्ले’च होते. सैन्यात भरती होण्यास नकार दिल्याबद्दल अलीला झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने जून १९७१ मध्ये रद्द केली तो खटलाही ‘क्ले’ याच नावाने नोंदलेला आहे.

सदाफुली:
दोघांचेही आभार. पण मग ६ फेब्रुवारी १९६७ च्या टेरेल लढतीचे काय? तिथे तर नाव आणि लढत एकत्रच आले. ‘माझे नाव काय?’ असे विचारत मारणे हा खेळ कसा म्हणायचा?

लाल माती:
तो खेळ नव्हता, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि अलीवरच्या प्रेमापोटी त्याला स्वाभिमानाचा क्षण ठरवणारे लेखन मला पटत नाही. टेरेलचे म्हणणे होते की हौशी खेळाच्या दिवसांपासून तो अलीला क्ले म्हणूनच ओळखत होता आणि ते नाव सवयीने तोंडी आले. तो साडेसहा फूट उंच, पाच वर्षे न हरलेला आणि जागतिक मुष्टियुद्ध संघटनेचा विजेता होता. लिस्टनशी पुन्हा लढण्याच्या करारावरून या संघटनेने अलीचे पद काढून घेतल्यावर ते टेरेलने एडी मॅकेनला हरवून मिळवले होते. कागदावर ही त्या वर्षातली सर्वांत तुल्यबळ जोड होती. पण टेरेलच्या डोळ्याखालचे हाड मोडले, त्याला एका बाजूचे दिसेनासे झाले, आणि ती लढत रिंगमध्येच विजोड झाली. अलीने डोळ्यात अंगठा घातला, अशी तक्रार टेरेलने पुढेही कायम ठेवली. अलीने ती नाकारली. उत्तरार्धात प्रश्न विचारत, शिव्या देत अलीने मारा चालू ठेवला आणि लढत पंधरा फेऱ्या चालली. पंचांपैकी दोघांचे गुण १४८-१३७ होते, तिसऱ्याचे १४८-१३३. पॅटरसनच्या वेळी पंचाने तरी हात घातला होता. इथे तेही झाले नाही.

सहा आठवड्यांनी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आलेला फॉली त्याला आदराने मुहम्मद अली म्हणत असे. अलीने त्याला सातव्या फेरीत संपवले, कसलीही विटंबना न करता. फॉली टेरेलहून दुबळा होता, तरी त्या रात्रीवर कोणी बोट ठेवत नाही. म्हणून विजोड लढती मोजताना लंडन आणि विल्यम्स खुशाल धरा, फॉलीचा विचार करा, पण टेरेलचे नाव त्या यादीत घालू नका. तिथे दोष जोड लावणाऱ्यांचा नसून अलीचा आहे.