कोंबड्यांसाठी चिठ्ठीविना प्रतिजैविके मागितली जातात. नुसत्या नकारापलीकडे काय करावे? (मदत हवी आहे)

नमस्कार. मी नोंदणीकृत फार्मासिस्ट असून तळोजा परिसरात माझे औषधांचे लहान दुकान आहे. पनवेल तालुक्यातील गावांमधून पोल्ट्री चालवणारे शेतकरी घरच्यांची औषधे घ्यायला माझ्याकडे येतात आणि त्याच फेरीत कोंबड्यांसाठी डॉक्सिसायक्लिनच्या कॅप्सूल किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या मागतात. शेडमधल्या पाण्याच्या टाकीत किती कॅप्सूल फोडून टाकायच्या, हे शेजारच्या पोल्ट्रीवाल्याने आधीच सांगितलेले असते.

गेल्या आठवड्यात ओळखीचे एक काका आले. ब्रॉयलरची पिल्ले तिसऱ्या आठवड्यात होती, घशातून घरघर येत होती आणि रात्रीत अकरा मेली होती. चिठ्ठी नसल्याने मी औषध दिले नाही. ते रागावले नाहीत; "मॅडम, उद्यापर्यंत आणखी मेली तर कर्ज कोण फेडणार?" एवढेच म्हणाले आणि निघून गेले. नंतर कळले की त्यांना ते औषध दुसरीकडे मिळाले. कायद्याने मी चुकले नाही, परंतु माझ्या नकाराने त्या शेडमध्ये काहीही बदलले नाही, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही.

कोलिस्टिनचे उदाहरण आपल्यासमोर आहे. इतर औषधे हरल्यावर अतिदक्षता विभागात वापरायचे हे औषध कोंबड्यांच्या खाद्यातून सर्रास दिले जात होते. त्याला दाद न देण्याची क्षमता एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सोपवणारे एमसीआर-1 हे जनुक चीनमधील संशोधकांनी 2015 मध्ये जगापुढे आणले आणि आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जुलै 2019 मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांकरिता कोलिस्टिनच्या उत्पादनावर व विक्रीवर बंदी घातली. सिप्रोफ्लॉक्सासिन मात्र माझ्याच फडताळात आहे, आणि कोंबड्यांना दिल्या जाणाऱ्या एन्रोफ्लॉक्सासिनचेही शरीरात काही प्रमाणात सिप्रोफ्लॉक्सासिनच होते. म्हणजे शेडमधले जिवाणू ज्या औषधाला सरावतात, तेच मी दुसऱ्या दिवशी एखाद्या आजारी माणसाला देत असते.

अशा वेळी शेतकऱ्याला पटेल असे काय सांगावे? पूर्ण कळपासाठीच्या चिठ्ठीत नेमके काय असायला हवे? पशुवैद्यांशी असा दुवा कोणी जुळवला असल्यास कृपया अनुभव लिहावा.

प्रतिसाद (पशुवैद्य, ठाणे जिल्हा):

चिठ्ठीचा प्रश्न सोपा आहे. औषध नियमांनुसार ती लेखी, सही व तारखेसह असावी, जनावराच्या मालकाचे नाव व पत्ता, औषधाचे एकूण प्रमाण आणि मात्रा तिच्यावर असावी. कळप असला तरी यात फरक पडत नाही.

काकांना प्रतिजैविकांच्या प्रतिरोधाबद्दल सांगण्याआधी विक्रीच्या तारखेबद्दल सांगा. औषध बंद केल्यापासून मांस विकेपर्यंत किती दिवस थांबायचे, हे कोंबड्यांच्या औषधाच्या लेबलवर छापलेले असते. ते ठरलेले नसेल, तर नियमाने मांसासाठी किमान 28 दिवस आणि अंड्यांसाठी 7 दिवस धरावे लागतात. माणसांच्या कॅप्सूलवर असे काही छापलेले नसते. ब्रॉयलर साधारण सहाव्या आठवड्यात विकला जातो. तिसऱ्या आठवड्याअखेर ही कॅप्सूल दिली, तर तो वेळेत विकताच येणार नाही. पशुवैद्याने निवडलेले, कोंबड्यांसाठीचेच औषध त्यामुळे शेतकऱ्याच्या हिशेबातही बसते.

दुसरे असे की, घरघर मानमोडीचीही असू शकते. तो विषाणूचा आजार आहे. त्यावर प्रतिजैविक चालत नाही, आधी लस दिलेली असावी लागते. बोअरवेलच्या जड पाण्यातील कॅल्शियम डॉक्सिसायक्लिनला बांधून ठेवते, म्हणून टाकीत टाकलेले औषध पूर्णपणे लागू पडत नाही आणि कमी मात्रेला तोंड देऊन जिवाणू तगतात. औषध मागायला येणाऱ्याला एवढेच विचारा: पिल्ले किती दिवसांची, मेली किती, लस कधी दिली, पाणी कुठले. ही उत्तरे कागदावर लिहून त्याच्याच हाती द्या आणि ताजे मेलेले पक्षी घेऊन त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात पाठवा. शवविच्छेदनाने बरेच कळते.

धागाकर्ती:

मनापासून आभार. विक्रीच्या तारखेचा मुद्दा मला सुचलाच नव्हता. काकांचा फोन नंबर त्यांच्या पत्नीच्या रक्तदाबाच्या औषधांच्या बिलावर आहे. आज संध्याकाळीच फोन करून औषध कोणते दिले व शेवटचे कधी दिले ते विचारते, लॉट घाईने विकू नका असे सांगते आणि तुमचे चार प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून काउंटरवर लावते.