मदत हवी आहे: हार्टचा त्रास, रोज चालूनही वजन हलत नाही

रंकाळाकाठ
अडीच महिने रोज सकाळी रंकाळ्यावर चाळीस मिनिटं चालतोय. पावसात छत्री घेऊन गेलोय, पण खाडा नाही. सुरुवातीला वजन 91 होतं, आज काट्यावर 91.4. डॉक्टर म्हणतात, "चाला, वजन उतरवा, तेलकट बंद." किती चालायचं, किती वेगानं, काही नाही. बाहेर चाळीस माणसं बसलेली, त्यांचं तरी काय चुकतंय म्हणा. चढ लागला की धाप लागते, म्हणून बायको जोरात चालू देत नाही. जोरात चालल्याशिवाय चरबी उतरणार कशी? घड्याळात नाडी 105 च्या वर जातच नाही. नेटवर लिहिलंय 220 वजा वय, त्याच्या 70 टक्के, म्हणजे माझी 120 पाहिजे. ज्यांना अनुभव आहे त्यांनीच सांगा. "डॉक्टरांना विचारा" सोडून बोला, ते करून झालंय.

मिरीदाणा
हार्टचा त्रास म्हणजे नेमकं काय? ब्लॉकेज, खराब झडप, कमी पंपिंग आणि अनियमित ठोके, चारही वेगळे आजार आहेत. वय, उंची, चालू गोळ्या?

टेकडीवाला
मला 2014 साली दोन स्टेंट पडले. तिसऱ्या महिन्यात पर्वती चढलो, आता दर रविवारी सिंहगड. सगळा मनाचा खेळ आहे. जोरात चाला, घरच्यांचं फार ऐकू नका.

अनुस्वार
टेकडीवाला, तुम्ही चढलात याचा आनंद आहे. पण या गृहस्थांना नक्की काय झालंय हे माहीत नसताना त्यांना टेकडीवर कशाला पाठवताय? मी फिजिओ आहे, असे सल्ले ऐकून आलेले पेशंट बघते.

रंकाळाकाठ
स्टेंट घातलाय, दुसरं काय असणार. गुढीपाडव्याच्या आधी दोन दिवस अ‍ॅटॅक आला, त्याच रात्री अँजिओप्लास्टी. वय 49, उंची 5 फूट 6. गोळ्यांची नावं बघून सांगतो, बॉक्समध्ये बायको भरून ठेवते.

हिरवागार
सकाळी उपाशीपोटी दुधीचा रस, त्यात तुळस, पुदिना. माझ्या मावसभावाचे ब्लॉकेज गेले. करून बघा, पैसे पडत नाहीत.

अनुस्वार
कडू दुधीच्या रसानं माणसं दवाखान्यात पोचली आहेत, दगावलीही आहेत. निदान चव कडू लागली तर थुंकून टाका एवढं तरी लिहा. आणि रसानं ब्लॉकेज जात नाहीत.

गॅजेटगुरू
घड्याळ कोणतं आहे? मनगटावरचा सेन्सर सैल पट्ट्यात चुकतो. छातीवरचा पट्टा घ्या. ईसीजी दाखवणारी मॉडेल्सही आहेत, बजेट सांगा, तीन-चार सुचवतो.

रंकाळाकाठ
घड्याळ नकोय राव, आहे ते मुलानं दिलंय. गोळ्या: एकोस्प्रिन, टिकाग्रेलोर सकाळ-संध्याकाळ, मेटोप्रोलॉल, रोझुवास्टॅटिन, आणि शुगरची एक बारीक.

मिरीदाणा
शुगर आहे हे आत्ता सांगताय!

रंकाळाकाठ
बॉर्डरवर आहे हो. ग्लिमेपिराइड 1.

मिरीदाणा
बॉर्डरवरच्या माणसाला सहसा ग्लिमेपिराइड देत नाहीत. असो. माझं मेडिकलचं दुकान आहे, म्हणून दोन गोष्टी सांगतो. मेटोप्रोलॉल नाडी मुद्दाम खाली ठेवते. त्यामुळे 220 वजा वय हा हिशेब तुम्हाला लागू नाही, 105 म्हणजे गोळी तिचं काम करतेय. दुसरं, टिकाग्रेलोरनं काही लोकांना धाप लागते, नुसतं बसल्यावरसुद्धा. हृदय ठीक असतानाही लागते. तुमची धाप त्याचीच आहे असं मी म्हणत नाही, हृदयाचीही असू शकते. पण धाप लागते हे डॉक्टरांना सांगितलंय का?

रंकाळाकाठ
वजनाचं विचारायला गेलो होतो. धापेचं राहिलं.

हिरवागार
बघा, रोग गोळ्यांचाच आहे. आठ दिवस बंद ठेवून बघा, फरक कळेल.

मिरीदाणा
हिरवागार, हा प्रतिसाद काढून टाका. नवीन स्टेंटमध्ये एकोस्प्रिन, टिकाग्रेलोर या रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या मध्येच बंद केल्या तर आत रक्ताची गाठ धरू शकते आणि थेट पुन्हा अ‍ॅटॅक येतो. धाप गोळीची निघाली तर डॉक्टर तिच्या जागी दुसरी देऊ शकतात. ते त्यांनी ठरवायचं, तुम्ही नाही, मीही नाही.

टेकडीवाला
इथे घाबरवणारेच जास्त झालेत. अशानं माणूस घरी बसेल.

अनुस्वार
घरी कोण बसवतंय? चालायचंच आहे. रंकाळाकाठ, आधी सांगा: पायाला संध्याकाळी सूज येते का? आडवं झाल्यावर दम कोंडतो, जास्तीची उशी लागते का? दोन-तीन दिवसांत एकदम दोन किलो चढले असं झालंय का? तसं असेल तर ती चरबी नव्हे, अंगात साठलेलं पाणी, आणि मग हा धागा सोडून आजच दवाखान्यात जा. इको (हृदयाची सोनोग्राफी) रिपोर्टवर ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर ढकलतं, किती लिहिलाय?

रंकाळाकाठ
सूज नाही, एका उशीवर झोपतो. ईएफ 50.

अनुस्वार
बरं आहे. मग वेगासाठी नाडी विसरा, बोलणं बघा. चालताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं मात्र म्हणता येऊ नये. सुरुवातीची आणि शेवटची सात-आठ मिनिटं अगदी रमत, एकदम थांबायचं नाही. धापेचं निदान होईपर्यंत चढ टाळा आणि डॉक्टरांना टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून ईसीजी) करायची का ते विचारा. छातीवर दाब, जबडा किंवा हात भरून येणं, थंडगार घाम, यातलं काही झालं की तिथेच बसायचं आणि 108 लावायचा. आणि ग्लिमेपिराइड घेऊन उपाशीपोटी चालत असाल तर खिशात साखर ठेवा. मेटोप्रोलॉलमुळे शुगर उतरल्याची धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो.

वरणभात_एनजे
न्यू जर्सीहून लिहितेय. इथे अहोंना अ‍ॅटॅकनंतर कार्डिअ‍ॅक रिहॅब होतं, आठवड्याला तीन दिवस, एकूण 36 सत्रं. छातीला तारा लावून ट्रेडमिल, नंतर हलकी वजनं. हलकी वजनं उचलायची तर श्वास रोखायचा नाही, हे पहिल्याच दिवशी बजावलं. पण खरं सांगू? तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी पहिल्या आठवड्यात सगळं खाणं लिहून आणायला लावलं, वजन त्यामुळेच उतरलं. तुम्ही खाता काय, हे कुणी विचारलंच नाहीये.

दोनवेळ
दीक्षित डाएट! दिवसातून दोनदाच, 55 मिनिटांत आवरायचं. माझे चार महिन्यांत नऊ किलो.

मिरीदाणा
ग्लिमेपिराइडवर असलेल्या माणसाला परस्पर दोन वेळा जेवायला सांगू नका. गोळीचा डोस बदलावा लागतो.

दोनवेळ
मी फक्त अनुभव सांगितला.

रंकाळाकाठ
खाणं एकदम कमी. नाष्ट्याला एक भाकरी, दुपारी दोन, रात्री एक. भाजीत तेल नावाला. तांबडा-पांढरा पाडव्यापासून बंद, घरच्या कार्यातसुद्धा नाही.

वरणभात_एनजे
आणि चालून आल्यावर?

रंकाळाकाठ
काही नाही. दूध फक्त.

वरणभात_एनजे
किती? कुठलं?

रंकाळाकाठ
गंगावेशीत कट्ट्यावर म्हस समोर पिळतात, तिथं. मोठा ग्लास, अर्धा लिटर असेल. आमच्यात आजोबांपासून सगळे पितात. दूध म्हणजे काय खाणं नव्हे.

वरणभात_एनजे
म्हशीचं अर्धा लिटर म्हणजे पाचशे कॅलरी. तुमची चाळीस मिनिटांची फेरी फार तर दोनशेची. रोज!

पंचगंगा_पार
ओ ताई, कोल्हापूरच्या माणसाचं दूध तोडू नका. तालमीतले पैलवान पितात की.

अनुस्वार
पैलवान हजार जोर काढतो. हे रंकाळ्याकाठी फेरी मारतात, तीही बायकोच्या वेगानं.

टेकडीवाला
कट्ट्यावर आता पूर्वीसारखं दूध मिळतं का हो? 1998 साली प्यायलो होतो, अजून चव आठवते.

पंचगंगा_पार
मिळतंय की. सकाळी लवकर या, गाडी लांब लावा.

रंकाळाकाठ
चार दिवसांनी लिहितोय. डॉक्टरांना फोन केला. गोळी बंद करू नका म्हणाले, बोलावून ईसीजी, इको पुन्हा केला. ईएफ तेवढाच. टिकाग्रेलोरच्या जागी क्लोपिडोग्रेल दिलीय, सुरू कशी करायची तेही लिहून दिलंय. टीएमटी गुरुवारी आहे. दूध बंद केलं नाही, ते होणार नाही. घरी आणतो, गरम करून साय काढून एक कप. बायकोनं सायीचं तूप काढलंय, ते पोरांना. आज 90.8.

वरणभात_एनजे
छान! दुधाबरोबर आणखी काही नसायचं ना?

रंकाळाकाठ
भडंग. पण ते मुरमुरेच असतात.

मिरीदाणा
तेल आणि शेंगदाणे कोण मोजणार?

रंकाळाकाठ
जयसिंगपूरचं असतंय. पाव किलोचं पाकीट दोन दिवस पुरतं.